चार मासे आणि मंगरूळपीरचं तांबं

जगातली कोणतीही गोष्ट मोजता येते, असं जानराव अंभोरे सरांचं मत होतं आणि एकदा झालेलं मत बदलायची परवानगी ते कोणालाच देत नसत. ताप, पाऊस, वर्गातला गोंधळ, शेजारच्या उकंडरावांच्या थापा, सगळं मोजता येतं. फक्त साधन पाहिजे. पंचाईत होती ती साधनाचीच. मंगरूळपीरच्या त्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं, कपाटात साधनं होती, कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची चावी कारकून हरिसिंग बाबूंच्या जानव्याला बांधलेली होती.

चावी पाहिजे असेल तर लेखी अर्ज, अर्जावर हेडसरांची सही, सहीखाली तारीख. एवढं होईपर्यंत तास संपायचा. म्हणून बारा वर्षं सर मुलांना परीक्षानळी फळ्यावर काढून दाखवत आले होते. खडूची नळी काढण्यात त्यांचा हात इतका बसला होता की चित्रकलेचे मास्तर जळायचे. पण सरांना त्याचं कौतुक नव्हतं. ते स्वतः इथल्याच भीमनगरातून शिकून वर आलेले. पहिली खरी परीक्षानळी त्यांनी हातात धरली ती अकोल्याच्या कॉलेजात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि तेव्हा त्यांचा हात थरथरला होता. आपल्या वर्गातल्या मुलांचे हात तेराव्या वर्षीच थरथरून मोकळे व्हावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी ती चावी पाहिजे होती.

चौऱ्याहत्तर साली शाळेला कोणीतरी काचेची मोठी पेटी देणगी दिली आणि तिच्यात आठ सोनेरी मासे आले. पेटी हेडसर माणिकरावांच्या खोलीत ठेवली गेली, कारण शाळेतली कोणतीही चांगली वस्तू त्याच खोलीत ठेवायची पद्धत होती. हेडसर त्या माशांसमोर बसून डबा खायचे. पुढे आणखी चार मासे अकोल्याहून एस.टी.नं आले, पत्र्याच्या कॅनमध्ये, हेलकावे खात. उतरवून पाहतात तर चौघांच्याही अंगावर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके.

सोबत एक चोपडी होती. आजारी किंवा नवे मासे चौदा दिवस वेगळ्या काचेच्या भांड्यात ठेवावेत, पाण्यात तांब्याचं औषध म्हणजे मोरचूद द्यावी आणि पाण्यातलं तांबं रोज मोजावं. दहा लाख भागांत पाव भाग. कमी झालं तर रोग जात नाही, जास्त झालं तर मासा जातो. ‘रोज मोजावं’ हे शब्द वाचून सरांना भरून आलं.

“अंभोरे,” हेडसर म्हणाले, “एकवीस तारखेले शिक्षणाधिकारी साहेब येऊन राह्यले. तोवर हे चार मासे ठणठणीत करून पेटीत पाह्यजेत. एवढं झालं तं कपाटाचा चार्ज तुमच्याकडं. चावीसकट.”

हरिसिंग बाबूंनी हे ऐकलं आणि लगेच नियम काढला. मासे शाळेबाहेर न्यायचे तर आधी ते रजिस्टरला लागले पाहिजेत. पण कोणत्या रजिस्टरला? खपणाऱ्या वस्तूंच्या म्हणावं, तर मासे खपणार आहेत का? खपणार असतील तर सरांनी तसं आधी लिहून द्यावं. शेवटी त्यांनी मासे टिकाऊ वस्तूंच्या डेड स्टॉक रजिस्टरला घेतले.

“जिते मासे डेड स्टॉकले?” सर म्हणाले.

“टेबल तरी कुठं मेलेलं हाये, सर? ते बी डेड स्टॉकलेच हाये. आता एखादा मासा मेला तं त्याले निर्लेखित कराले तीन जणांची कमिटी लागते. सांगून ठेवतो.”

शाळेत दुसरं काचेचं भांडं नव्हतं. सरांनी विचार केला की मासे दिसावेत म्हणून काच असते. आजारी प्राण्याला काचेत ठेवून त्याची शोभा कशाला करायची? भांडं स्वच्छ, पसरट आणि मोठं असलं म्हणजे झालं. असं भांडं त्यांच्या घरात एकच होतं. विमलबाईंचं घंगाळ.

हे घंगाळ अकरा वर्षांपूर्वी लग्नात विमलबाईंबरोबर जऊळक्याहून बैलगाडीत बसून आलं होतं. भाड्याच्या त्या दोन खोल्यांत सांगण्यासारखी वस्तू म्हणून तेवढीच. विमलबाई ते दिवसाआड चिंचेनं घासायच्या आणि त्यात आपलं तोंड पाहायच्या. मासे त्यात जाणार म्हणताच त्या उसळल्या.

“अवो, मी आंघोळ कशात करू?”

“बादली हाये ना. चौदा दिवसाचाच तं प्रश्न हाये.”

“चौदा दिवस म्या बादलीत हात घालू न माश्यायनं घंगाळात लोळाचं? आन् ते मले दिवसाआड घासा लागते, ध्यानात ठेवजा. मासे असोत का मगर असो.”

मोरचूद आणायला सर सैफुद्दीनभाईंच्या दुकानात गेले. शेलूबाजारपर्यंतचे संत्र्याचे बगीचेवाले त्यांच्याच दुकानातली मोरचूद फवारायचे. पोत्याहून कमी तोलायची त्यांना सवय नव्हती.

“कितने एकर का बगीचा है, मास्टरजी?”

“बगीचा नाही. चार मासे आहेत. दोन ग्रॅम पुरे.”

सैफुद्दीनभाईंनी चष्मा काढून सरांकडे नीट पाहिलं. “मोरचूद से संत्रे की बीमारी जाती है, मास्टरजी. मछली की तो मछली ही चली जाएगी.” मग त्यांनी तराजूच्या पारड्याला चिकटलेली निळी पूड कागदावर झटकली, तिची पुडी बांधली आणि नेऊन टाका म्हणाले.

सरांनी मात्र घाई केली नाही. औषध टाकण्याआधी साधं पाणी मोजायचं, ही शास्त्राची शिस्त. संध्याकाळी गल्लीतल्या विहिरीचं पाणी घंगाळात भरलं, मासे सोडले आणि सकाळी त्यातलं एक बाटली पाणी घेऊन सर कामाला बसले. अर्ज करून, सही घेऊन, तारीख टाकून कपाटातून मिळवलेली एक चिनी मातीची थाळी, चार नळ्या आणि तांबं ओळखायच्या रसायनाची एक शिशी त्यांच्याजवळ होती. थाळीत पाणी आटवत आटवत चमचाभर करायचं, ते नळीत घेऊन त्यात शिशीतलं रसायन टाकायचं. तांबं असेल तर पाणी लालसर होतं, जितकं जास्त तितकं लाल. यात एक तास आणि महिन्याच्या रेशनच्या रॉकेलमधलं बरंच रॉकेल गेलं. विमलबाईंचा चहा चुलीवर झाला.

उकंडराव संत्रेवाले तोवर ओट्यावर येऊन बसले होते. “येवढा खटाटोप कायले, मास्तर? आमी बगीच्यात फवाऱ्याच्या पाण्यात विळा बुडवतो. विळ्यावर लाली चढली का समजाचं, मोरचूद जास्त झाली.” असं म्हणून त्यांनी कमरेचा विळा काढून सरळ घंगाळात घातला. चारही मासे एका कडेला जमा झाले. विळ्यावर काहीच चढलं नाही. “पाणी कच्चं हाये तुमचं,” उकंडराव निकाल देऊन मोकळे झाले. सरांचा असा अपमान बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही झाला नव्हता.

पण नळीतलं पाणी लालसर झालं. सरांनी डोळे चोळले, नळी उजेडात धरली, पुन्हा सगळं केलं. तेच. औषधाचा कणही न टाकता पाण्यात औषधाचा पूर्ण डोस होता! दहा लाखांत पाव, अगदी चोपडीबरहुकूम. पुडी तशीच फळीवर राहिली. तिसऱ्या दिवशी माशांच्या अंगावरचे ठिपके गेले. त्याच दिवशी विमलबाईंनी मासे बादलीत काढून घंगाळ घासलं, ताजं पाणी भरलं, आणि चौथ्या दिवशी तांबं दुप्पट निघालं.

आता याचा अर्थ काय? सर दुपारभर खोलीत फेऱ्या घालत होते. आपण टाकलं नाही. माशांनी आणलं नाही. मग उरली विहीर. विहिरीत तांबं आलं कुठून? जमिनीतून! शास्त्रात पायरीपायरीनं गेलं की माणूस बरोबर ठिकाणी पोचतो, असं ते वर्गात नेहमी सांगत. तसेच ते पायरीपायरीनं मंगरूळपीरच्या पोटात, थेट तांब्याच्या खाणीत पोचले.

हे ओट्यावर बसलेल्या उकंडरावांनी ऐकलं, म्हणजे बाजारापर्यंत पोचायला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या दारात रांग. जो तो आपापल्या घरचं पाणी तपासायला घेऊन आला आणि काय सांगावं, बहुतेकांच्या पाण्यात तांबं निघालं! देशमुखांच्या गल्लीतलं तर एकही घर सुटलं नाही. तिथल्या बायका घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या गडव्यांत रात्रीचं पिण्याचं पाणी घेऊन आल्या होत्या. उकंडरावांनी आपल्या बगीच्यातल्या विहिरीचं पाणी तांब्याचा मोठा हंडा भरून दोन दिवस झाकून ठेवलं आणि मग आणलं. ते सगळ्यांत लाल निघालं. आदल्या आठवड्यातला विळा ते विसरून गेले.

सरांनी गावाचा नकाशा काढला. तांबं निघालेल्या घरांवर लाल पेन्सिल फिरवली. चित्र स्पष्ट होतं. तांब्याची शीर हेडसरांच्या घरापासून निघून देशमुखांच्या गल्लीतून जात होती, व्यापाऱ्यांची आळी घेत होती आणि तिथून उकंडरावांच्या बगीच्यात शिरत होती. अधूनमधून ती विचित्र वळण घ्यायची. सरांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण अमिरुन्निसा चिनी मातीच्या बरणीतून पाणी घेऊन आली, त्यात शून्य. सरांच्या घरात तांबं आणि भिंतीपलीकडे काही नाही. सरांनी शीर तिच्या घराला वळसा घालून पुढे नेली.

“मेरे घर को काहे को बचाया, मास्टरजी?” अमिरुन्निसा म्हणाली. “हम क्या पराए हैं?”

भीमनगरातून सरांची आई आली. पंधरा घरांचं पाणी तिनं जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, डब्यांत आणि मडक्यांत भरून बायकांच्या डोक्यावर आणवलं होतं. सरांनी सगळं आटवलं, आपल्या हातानं, मोठ्या आशेनं. एकाही नळीला रंग आला नाही.

“कायी नाई निंघालं, माय,” सर म्हणाले.

“आपल्या इकडं कायचं तांबं निंघते, बापा,” आई डबे गोळा करत म्हणाली. “अजून नळ नाई निंघाला.”

सरांनी नळ्या उपड्या केल्या. त्यांना वाईट वाटलं. भूगर्भातल्या धातूनंही गावाची रीत पाळावी, याचा त्यांना रागच आला. पण नकाशा तर मोजमापावर होता. त्यांनी भीमनगर कोरं सोडलं.

हेडसरांनी नकाशाची एक प्रत शिक्षणाधिकारी साहेबांकडे पाठवली. साहेबांनी ती आपल्या टिपणासह आणखी वर पाठवली. गावात आता दोन पक्ष पडले. सरकार जमीन घेऊन मोबदला देणार म्हणणाऱ्यांचा एक आणि सरकार जमीनच तेवढी घेणार म्हणणाऱ्यांचा दुसरा. पहिल्या पक्षातले लोक तांबं वाढवून मागायला येत, दुसऱ्या पक्षातले कमी करून. या धांदलीत वीस तारखेला हेडसरांनी सगळ्या शिक्षकांसमोर चावी सरांच्या हातात दिली. हरिसिंग बाबूंनी जानव्याची गाठ दातांनी सोडली आणि पावतीवर सही घेतली: चावी, नग एक. सरांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि घरी येईपर्यंत चारदा चाचपून पाहिली.

माशांकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. म्हणजे एका माणसाचं होतं. ज्यांचं घंगाळ, त्यांचंच.

एकवीस तारखेला सकाळी सर उठले, तेव्हा डोक्यात भाषण तयार होतं. साहेबांना आजचा ताजा आकडा सांगावा म्हणून त्यांनी आत आवाज दिला, “माश्यायचं पाणी दे वं एक बाटली.” विमलबाईंनी बाटली आणून दिली. सरांनी ती आटवली, रसायन टाकलं आणि नळी उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं. लालीचा मागमूस नाही.

सर नळी घेऊनच आत गेले. “कोणतं पाणी देलं तू?”

“माश्यायचं.”

“घंगाळातलं?”

“घंगाळात मासे कुठं हायेत? काल दुपारी तिघं तोंड वर करून वासून राह्यले होते, चौथा तं आडवाच झाला होता. म्या अमिरुन्निसाकडून बकरीचं मातीचं कुंडं आणलं, त्याच विहिरीचं पाणी भरलं न त्यात टाकले. आता पाहा कसे पळून राह्यले.”

सरांनी दारामागे पाहिलं. चार मासे कुंड्यात गरागरा फिरत होते. घंगाळात कालचं पाणी तसंच होतं.

“पण काहून हालवले? तुले कसं समजलं?”

“आता याच्यात काय समजाचं?” विमलबाईंना खरंच नवल वाटलं. “घंगाळात कोणी ताक ठेवते काय? कळकते. तांब्यात ठेवलं का तांबं उतरते. ताक कळकते तं मासे नाई कळकणार?”

 सरांनी घंगाळातलं पाणी आटवलं, रसायन टाकलं. लालभडक. एकच विहीर, एकच दिवस. एक नळी लाल, एक पांढरी. सरांच्या डोळ्यांपुढून एकेक घर गेलं. देशमुखांचे गडवे. उकंडरावांचा झाकलेला हंडा. अमिरुन्निसाची बरणी. आईचे जर्मनचे डबे. पंधरा दिवस त्यांनी जमीन मोजलीच नव्हती. मोजली होती ती गावातली भांडी.

“मले आधी काहून नाई सांगतलं?”

“तुमी इचारलं कवा? ओट्यावर सगळ्या गावाले इचारून राह्यले होते.”

शाळेपर्यंतच्या रस्त्यावर सरांच्या एका हातात दोन नळ्या होत्या आणि दुसरा हात खिशातल्या चावीवर. गप्प बसलं तर? खालचे कागद वर जातील, वरचे आणखी वर. कोणी यंत्र घेऊन येईपर्यंत वर्षं जातील. तोपर्यंत चावी आपल्याजवळ. नळ्या मुलांच्या हातात. याच्यासाठीच तर सगळं केलं. पण मुलांना नळी देऊन त्यांना शिकवायचं काय? हा नकाशा? तो तर फळ्यावर आधीच टांगलेला होता आणि बेचाळीस मुलं तो वह्यांत उतरवत होती. भीमनगरची मुलंसुद्धा, भीमनगर कोरं सोडून.

शेलूबाजारवरून साहेबांची जीप अकराला आली. हार झाले, पेढे झाले. साहेब वर्गात येऊन नकाशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “अंभोरे, तुम्ही जिल्ह्याचं नाव काढलंत.”

“साहेब, नकाशा चुकला,” सर म्हणाले.  त्यांनी दोन्ही नळ्या उंच धरल्या आणि सगळं सांगितलं. मग कपाट उघडलं, बेचाळीस नळ्या काढून बेचाळीस हातांत दिल्या. “घरी न्या. निम्म्या जणांनी तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा, निम्म्यांनी मडक्यात. उद्या घेऊन या. मी सांगतो म्हणून मानू नका.” पुढच्या बाकावरच्या दोघांचे हात थरथरलेले सरांनी पाहिले.

साहेबांची कानशिलं तापली होती. “म्हणजे तांबं नाही? मी वर कळवलं आहे. वर कळवलेलं तांबं आता नाही म्हणून कसं चालेल? ही चूक शोधली कोणी?”

“आमच्या मंडळींनी,” सर म्हणाले. बारा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य उच्चारायला त्यांना सगळ्यांत जड गेलं.

जीप गेली. तिची धूळ खाली बसायच्या आत हरिसिंग बाबूंनी चावी परत घेतली आणि पावती फाडली. मग कपाट उघडून मोजदाद केली, तर आत एक रिकामा खोका आणि झुरळ.

आठवड्यानं सरांना खुलासा विचारणारा छापील तक्ता आला. सरांनी तो वळणदार अक्षरात भरला. चूक शोधणाऱ्याचं नाव: सौ. विमलबाई जानराव अंभोरे. शिक्षण: चौथी. वापरलेलं उपकरण: ताक.

महिन्याभरानं उत्तर आलं: सदर उपकरणाची डेड स्टॉक रजिस्टरला नोंद घेऊन प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल सादर करावा. आदेश तो आदेश. हरिसिंग बाबू भर दुपारी रजिस्टर काखेत धरून सरांच्या ओट्यावर आले. बारा वर्षांत ते या घरी कधी आले नव्हते, आणि आले असते तरी त्यांनी इथलं पाणीसुद्धा घेतलं नसतं, हे सर्वांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

“उपकरण दाखवा,” ते घाम पुसत म्हणाले.

विमलबाईंनी मातीच्या गाडग्यातून पेलाभर ताक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. वर जिरं, मीठ, कोथिंबीर. हरिसिंग बाबूंनी पेल्याकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नव्हतं. मग त्यांनी पेला उचलला आणि उपकरण एका दमात संपवलं.

“आनखी हाये?” मिशी पुसत त्यांनी विचारलं.

दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी रजिस्टर उघडलं, विचार केला, डेड स्टॉकची नोंद खोडली आणि ताक खपणाऱ्या वस्तूंत घेतलं. मग जानव्याची गाठ सोडून चावी ओट्यावर ठेवली. लिहिताना ती टोचत होती म्हणे. जाताना ती तिथंच विसरले. शाळा समोरच्या वळणावर आहे, पण ती न्यायला ते अजून आलेले नाहीत.